एका पोराले एकच नंबर

ऑफिसातल्या गोष्टींचं एक बरं असतं. घडतात तेव्हा आपण कपाळाला हात लावतो, आणि रिटायर झालो की त्याच गोष्टी चहाबरोबर पाहुण्यांना वाढतो. माझ्याकडे तर डबेच्या डबे भरलेत. घरचे म्हणतात, "हा किस्सा सांगून झाला." मी म्हणते, "झाला असेल, पण नीट ऐकला कोणी?" तेव्हा तुम्ही तरी ऐका. चहा गार होऊ देऊ नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात आमच्या शिक्षणसंस्थेची एकाच कंपाउंडात चार कॉलेजं होती. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स आणि नोकरीवाल्यांसाठी सकाळचं मॉर्निंग कॉलेज. मी ॲडमिशन सेक्शनला. सगळे मला धकातेबाई म्हणत, मागून आणखी काय म्हणत ते मला माहीत आहे, पण ते राहू द्या.

तर तेव्हा एकेका पोराला नंबर किती? कॉलेजचा वेगळा, लायब्ररीचा वेगळा, होस्टेलचा वेगळा, जिमखान्याचा वेगळा. दरवर्षी सगळे नवे! एकदा काउंटरवर काटोलकडचा एक पोरगा आला. मी विचारलं, "नंबर काय?"

"कोणता सांगू मॅडम? लायब्ररीचा, होस्टेलचा, का एनसीसीचा?"

माझं डोकं सकाळपासून तापलेलं. मी म्हटलं, "तुझा नंबर सांग रे बाबा, तुझा!"

तो बिचारा गांगरला. म्हणाला, "माहा? मॅडम, घरी मी तिसऱ्या नंबरचा हावो. तो लिहा!"

त्याच दिवशी मी ठरवलं, की हा पसारा आवरायचा.

* * *

आमचं घर इतवारीतलं, विणकराचं. बाबा सुताच्या लड्या रंगाऱ्याकडे पाठवायचे तेव्हा प्रत्येक लडीला आपल्या घरची गाठ मारून पाठवायचे. मोहल्ल्यातल्या सगळ्यांच्या लड्या एकाच हौदात पडत, पण परत येताना भांडण नाही. मी म्हटलं, पोरांना अशी एक गाठ मारायला काय हरकत आहे?

योजना साधी होती. पोरगं संस्थेत आलं की त्याला एक नंबर. कॉलेज बदलो, कोर्स बदलो, वर्ष बुडो, नंबर तोच. आणि फोटो लावलेलं एकच कार्ड. लायब्ररी, लॅब, जिमखाना, होस्टेल, परीक्षेचा हॉल, सगळी दारं त्याच कार्डावर उघडणार. पोरांनी त्या कार्डाचं नाव 'चाबी' ठेवलं, आणि मग प्रिन्सिपलसुद्धा नोटिशीत चाबीच लिहायला लागले.

आमचे हेडक्लार्क काळेबाबू. पान तोंडात, चष्मा कपाळावर, आणि नव्या गोष्टीचं नाव काढलं की पित्त उसळायचं. ते म्हणाले, "बाई, घरचे सगळे कपडे एकाच खुंटीवर टांगून राहिल्या तुम्ही. उद्या खुंटी निघाली तं?"

मी म्हटलं, "म्हणूनच पक्की ठोकून राहिली, बाबू."

संस्थेचे सेक्रेटरी साहेब वकील होते, त्यामुळे अटीशिवाय कशालाच हो म्हणत नसत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "एक वर्ष देतो. या तुमच्या नंबरापायी एकही पोरगं परीक्षेला मुकलं, तर त्या दिवशी योजना बंद. आणि बाई, तुम्ही डिस्पॅचला. पाकिटं चिकटवत बसायचं."

"चालेल!" मी म्हटलं.

डिस्पॅच म्हणजे आमच्याकडचं काळं पाणी. जिन्याखालची खोली, तिथे पंखासुद्धा नव्हता. आणि काळेबाबूंचा उत्साह बघा, त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिथली खुर्ची पुसून ठेवायला लावली!

* * *

नंबर द्यायला सुरुवात कुठून करायची, इथेच पहिली लढाई झाली. स्टाफलाही कार्ड द्यायचं होतं, आणि चारही प्रिन्सिपलना एक नंबर हवा होता!

आर्ट्सचे म्हणाले, आमचं कॉलेज सर्वांत जुनं. सायन्सचे म्हणाले, आमचा रिझल्ट सर्वांत चांगला. कॉमर्सचे म्हणाले, हिशोबात एक कुठून सुरू होतो ते आम्हाला विचारा. मॉर्निंगचे म्हणाले, दिवसाची सुरुवातच आमच्याकडून होते, बाकीचे नंतर उठतात. तासभर मीटिंग चालली. चहा दोनदा आला. माझी योजना जन्मायच्या आधीच मरते की काय, अशी वेळ आली.

शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, "सर, पंगतीत पहिलं पान कोणाचं असतं? देवाचं. एक नंबर देवाचा ठेवू. तुम्ही सगळे त्याच्यानंतर, आडनावाच्या अक्षराप्रमाणे."

देवापुढे कोण बोलणार! मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेत होते, तेवढ्यात मॉर्निंगच्या प्रिन्सिपलनी हात वर केला.

"हे ठीक आहे. पण देव कोणत्या कॉलेजात दाखवणार?"

* * *

राऊतांचा किस्सा सांगायलाच हवा. कॉमर्सला दोन पोरं, दोघंही रमेश शंकर राऊत. एक नागपूरचा, एक भंडाऱ्याकडचा. एक उंच, गोरा, पहिल्या बाकावर बसणारा. दुसरा कॉलेजात कमी आणि पानठेल्यावर जास्त दिसणारा. पोरं त्यांना लंबा राऊत आणि ठेंगणा राऊत म्हणत.

नंबर यायच्या आधी काय झालं, एका मुलीचे वडील स्थळाची चौकशी करायला प्रिन्सिपलकडे आले. "रमेश शंकर राऊत कसा आहे?" प्रिन्सिपलच्या डोळ्यासमोर लंबा. त्यांनी तोंडभरून स्तुती केली. हुशार आहे, शांत आहे, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही! वडील खूश होऊन गेले, आणि साखरपुडा ठेंगण्याशी झाला. लग्न सुखाचं झालं हो, पोरगा नंतर सुधारलाही. पण सासरेबुवांनी प्रिन्सिपलना वर्षभर रामराम केला नाही.

मग आमची एका नंबराची योजना सुरू झाली. त्या सासऱ्यांची धाकटी मुलगी लग्नाची झाली, आणि नशीब असं, की स्थळ पुन्हा आमच्याच कॉलेजातलं. ते आले ते सरळ माझ्या काउंटरवर. मुलाचा मामा बरोबर होता, त्याच्या हातात पत्रिका होती.

सासरे म्हणाले, "पत्रिका राहू द्या जी बाजूला. आधी पोराचा नंबर सांगा!"

* * *

चाबीची लोकांना इतकी सवय झाली, की काही जणांनी ती कॉलेजाबाहेरही वापरली. नरखेडचा एक विद्यार्थी होता, त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग. मार्केटमध्ये त्यांच्या पेट्या नेहमी दुसऱ्यांच्या पेट्यांत मिसळायच्या. पोरगा हुशार. त्यानं सुट्टीत घरी जाऊन सगळ्या पेट्यांवर ब्रशनं आपला नंबर रंगवला, आणि बाजूला आमच्या संस्थेचं नाव! त्याचं म्हणणं, हा नंबर जगात दुसऱ्या कोणाचा नाही, मॅडमनीच सांगितलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. एका दुपारी सेक्रेटरी साहेब माझ्याच टेबलाशी उभे होते आणि फोन वाजला. त्यांनीच उचलला. पलीकडे संत्रा मार्केटचा अडत्या होता, आणि त्याचा आवाज एवढा मोठा की सगळ्या सेक्शनला ऐकू येत होता.

"कॉलेज हाये का जी? तुमचा चोवीसशे सतरा नंबर तीन दिवसांपासून इथी पडून हाये!"

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पडून आहे? काय झालं त्याला?"

"काय होईन! उन्हात सडून राहिला ना बाप्पा! आज नेलं नाई तं फेकून देतो!"

साहेब मटकन खुर्चीत बसले. मी फोन हातात घेऊन पेट्यांचा उलगडा केला तोपर्यंत काळेबाबूंनी त्यांच्यासाठी पाणी आणलं होतं.

* * *

आता खरं सांगायचं, तर काळेबाबूंची ती खुंटी एकदा निघालीच. अंबाझरीला पोहायला गेलेल्या एका पोराची चाबी तलावात गेली. दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला. चौकीदार म्हणाला, चाबी दाखव. चाबी बुडाली. मग ऑफिसातून नवी काढ. ऑफिस कुठे? आत. आत जायला काय लागतं? चाबी!

पोरगा चार दिवस गेटवरून परत गेला. पाचव्या दिवशी माझ्यासमोर उभा. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं, डोक्यात बोगनवेलीची फुलं.

"तू आत कसा आलास रे?"

"मागच्या भिंतीवरून, मॅडम. तिले चाबी लागत नाई!"

काळेबाबू पान चघळत म्हणाले, "घ्या! टेस्टच्या वेळी काय साऱ्या पोरांले भिंतीवरून उतरवान?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्याच आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीत रस्त्याच्या बाजूनं एक खिडकी पाडून घेतली. ज्याची चाबी हरवली त्यानं बाहेरूनच नवी घ्यावी. त्या खिडकीत मी स्वतः बसायचे, आणि येणारे-जाणारे मला पोस्टाची तिकिटं मागायचे.

* * *

आकड्यांनी मात्र मला एकदा चांगलंच रडवलं. आर्ट्सचा कारकून नंबर मराठीत लिहायचा. सायन्सचा टायपिस्ट इंग्रजीत टाइप करायचा. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हे सख्खे जुळे भाऊ आहेत, हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मराठी चार आणि इंग्रजी आठही चुलत भाऊच!

गोंदियाकडून किरण नावाचा पोरगा आला होता. त्याचा एक्केचाळीस नंबर कारकुनानं मराठीत लिहिला, टायपिस्टनं एकोणनव्वद वाचला, आणि एकोणनव्वद नंबरची होती किरण नावाचीच एक मुलगी. झालं! किरणरावांना मुलींच्या होस्टेलमध्ये खोली मिळाली.

तो ट्रंक, वळकटी आणि आईनं दिलेला लाडवांचा डबा घेऊन तिथे पोहोचला. होस्टेलच्या मेट्रनबाई म्हणजे शिस्तीचा लोखंडी खांब. त्यांनी मला फोन केला. आवाज थरथरत होता, रागानं की हसू दाबून, ते मला आजही माहीत नाही.

"धकातेबाई, तुमचा नंबर इथं मिशा घेऊन आलाय!"

मी धावत गेले. त्या पोराची माफी मागितली, म्हटलं चूक झाली, तुला आत्ता मुलांच्या होस्टेलमध्ये पाठवते. तो अतिशय शांतपणे म्हणाला, "मॅडम, मले काई अडचण नाई. मी ॲडजस्ट करतो!"

त्या दिवसापासून चारही कॉलेजांत आकडे फक्त इंग्रजीत. पण बातमी सेक्रेटरी साहेबांपर्यंत गेलीच. त्यांनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "बाई, होस्टेल चुकलं. परीक्षा चुकली नाही, म्हणून वाचलात." केबिनच्या बाहेर काळेबाबू उभे होते. त्यांनी सहज म्हणून मला सांगितलं, की डिस्पॅचच्या खोलीत आता पंखा बसतोय. मला इतका राग आला, की मी दुपारचा डबासुद्धा खाल्ला नाही.

* * *

वर्ष संपत आलं. परीक्षा सुरू झाल्या आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत एकही पोरगं अडकलं नाही. मी मान वर करून हिंडत होते. आणि बी.ए. फायनलच्या पेपराला, घंटा व्हायला थोडाच वेळ असताना, शिपाई मला बोलवायला आला. "मॅडम, हॉलच्या दारात एका बाईले अडवलं. तुमच्या चाबीवरूनच भानगड हाये."

मी गेले तर व्हरांड्यात दरबार भरलेला. बाहेरच्या कॉलेजातून आलेले सेंटर इन्चार्ज, तपासणीला आलेले आमचे सेक्रेटरी साहेब, आणि अर्थातच काळेबाबू. मध्ये डोक्यावर पदर घेतलेली, कपाळभर कुंकू लावलेली एक मुलगी रडकुंडीला आलेली. मी तिला ओळखलं. इतवारीतलीच, विमल निखारे. फर्स्ट इयरला दोन वेण्या घालून यायची. मधे लग्न होऊन उमरेडला गेली, एक वर्ष बुडालं, आणि आता उरलेले पेपर द्यायला आली होती. जुन्या पोरांची कार्डं आम्ही फर्स्ट इयरच्या फॉर्मवरच्या नावा-फोटोवरून काढली होती, आणि परीक्षेचा फॉर्म हिनं सासरच्या नावानं भरला होता.

इन्चार्जनी कार्ड माझ्यासमोर धरलं. "या कार्डावर कुमारी विमल निखारे. माझ्या यादीत सौभाग्यवती अर्चना पराते. मी बसवू कोणाला?"

"लग्नात नाव बदललं हिचं," मी म्हटलं. "दोन्हीकडे नंबर बघा ना सर, तोच आहे."

"बाई, पेपर नंबर लिहीत नाही, माणूस लिहितो. नंबर तोच, पण माणूस तोच कशावरून? या फोटोत दोन वेण्या आहेत, आणि या बाईंचा पदर खाली येत नाही."

खोटं कशाला बोलू, माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, मी ओळखते हिला. ते म्हणाले, योजना तुमचीच, साक्षीदारही तुम्हीच, हे कसं चालेल? सेक्रेटरी साहेब घड्याळाकडे बघत होते. काळेबाबू माझ्याकडे बघत होते.

विमल रडत म्हणाली, "मॅडम, सासऱ्यांनी यंदापुरतंच हो म्हटलं आहे. आज राहिलं तर राहिलंच माझं." आता मला डिस्पॅचची भीती राहिली नव्हती. हिचा पेपर जातो, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काहून अडवून राहिले जी माह्या सुनेले?"

विमलची सासू! सुनेचं तान्हं पोर कडेवर घेऊन गेटजवळच्या कडुलिंबाखाली बसलेली होती, गलका ऐकून वर आली. नऊवारी, डोक्यावर पदर, आणि दोन पायऱ्या एकदम चढण्याचा दम. मी तिला भानगड सांगितली.

"नाव ना? मीच बदललं!" ती इन्चार्जना म्हणाली. "आमच्या घरी एक विमल होतीच, माही मोठी पोरगी. एका घरात दोन विमल कशा चालतीन जी? हाक मारली तं दोघी येतीन, नाई तं दोघी येनार नाई! म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अर्चना लिवून घेतलं."

"अहो, पण नावच बदललं तर मी कसं ओळखणार?"

"नाव बदललं जी मी," सासूबाई म्हणाल्या, "पोरगी नाई बदलली!"

सगळा व्हरांडा हसला. शिपाई हसला, सेक्रेटरी साहेब हसले, काळेबाबूंना ठसका लागला. इन्चार्जही हसू दाबत म्हणाले, "बरं आजी, ही तीच मुलगी आहे, असं लिहून द्याल? सही करता येते?"

"चौथी शिकली मी! काहून नाई येनार?"

त्यांनी कडेवरचं पोर सरळ सेक्रेटरी साहेबांच्या हातात दिलं. साहेबांना काय करावं ते कळेना, ते काळा कोट सांभाळत पोराला झुलवत उभे राहिले. मी भराभर दोन ओळी लिहिल्या. घंटा झाली. इन्चार्ज विमलला म्हणाले, "जा पोरी आत, पळ. सही करतात त्या." विमल पळाली, दारात तिची चप्पल सुटली तीही तिनं उचलली नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

वळून बघते तर सासूबाई पेन हातात घेऊन तशाच उभ्या. कागदावर अक्षर नाही.

"काय झालं आजी?" इन्चार्जनी विचारलं. "तुमचं नाव लिहा की."

त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा हॉलच्या दाराकडे, आणि मग माझ्याकडे.

"कोणतं लिवू वं बाई? माहेरचं का इथलं? हिचं बरं हाये. मले तं नंबरच नाई!"